साप आला तर उभं राहा, घोरपड आली तर आडवं पडा

अभयारण्यात साप दिसल्याची तक्रार ग्लेनिसला नवी नव्हती. नवा होता तो तक्रार तपासायला आलेला माणूस. खात्याने डेसमंड प्रुइट नावाचे अधिकारी पाठवले होते आणि त्यांनी नको म्हटलं की पायवाट बंद होणार होती. वाटच नाही तर रेंजर कशाला? मग ग्लेनिसची बदली मेलबर्नच्या कचेरीत, जिथे खिडकीतून फक्त दुसरी कचेरी दिसते. म्हणून ती सकाळपासून पाहुण्यांशी तिच्या स्वभावाबाहेरचं गोड बोलत होती.

"साप समोर आला तर हलायचं नाही. तो आपल्या वाटेने निघून जातो."

"आणि ती?" प्रुइटनी निलगिरीच्या बुंध्याला चिकटलेल्या भल्यामोठ्या घोरपडीकडे बोट केलं.

"ती काही करत नाही. फक्त बिथरली तर जवळ जे उंच दिसेल त्यावर चढते. ती धावत आली तर सरळ आडवं पडायचं."

"माणसाने नक्की काय करायचं ते आधी ठरवा बाई," प्रुइट म्हणाले.

वाटेच्या तोंडाशी कॉल हॅनरहन शेगडीवर सॉसेज भाजत होता. मेंढ्यांची लोकर कातरण्यात आयुष्य गेलेला हा म्हातारा आता अभयारण्याचा स्वयंसेवक होता. येईल त्याला खाऊ घालणं हेच आपलं काम, अशी त्याची समजूत होती.

"ये दोस्ता, कांदा घालू का भरपूर?"

प्रुइट ताटली घ्यायला पुढे झाले आणि लाकडांच्या ढिगाखालून विषारी तपकिरी साप बाहेर आला. त्यांच्या बुटांपासून हातभर अंतरावर तो थांबला.

"हलू नका," ग्लेनिस म्हणाली.

कोणी हललं नाही. प्रुइट तर खांबासारखे उभे राहिले. कॉलही चिमटा हातात धरून गप्प झाला.

माणसं गप्प आणि सॉसेज बेवारस, हे घोरपडीने झाडावरून पाहिलं. ती खाली उतरली, शेगडीजवळच्या बाकावर चढली आणि थेट ताटात तोंड घातलं.

"ग्लेनिस," कॉल ओठ न हलवता म्हणाला, "ती जाडं सॉसेज खातेय."

"खाऊ दे."

"जाडं गं!"

"कॉल, खबरदार."

कॉलने दुसऱ्या सॉसेजपर्यंत धीर धरला. तिसऱ्याला त्याने चिमटा शेगडीवर दाणकन आपटला. घोरपड उडी मारून पळाली. सगळ्यात जवळचं झाडही लांब होतं, प्रुइट जवळ होते. ती त्यांच्या पाठीवरून चढली आणि डोक्यावर हनुवटी टेकवून स्थिर झाली.

"आता आडवा हो, दोस्ता!" कॉल ओरडला.

"कुठे?" प्रुइटनी पुटपुटत विचारलं. आडवं व्हायची सगळी जागा सापाने घेतली होती.

कॉल ग्लेनिसकडे पाहू लागला. आता काय करायचं ते तिनेच सांगायला हवं होतं.

"उभेच राहा," ती म्हणाली. "नख्यांनी ओरखडे येतात. सापाचं तसं नसतं."

सापाने जीभ काढली, हवा चाखली आणि सावकाश वाट ओलांडून गवतात शिरला. "आता पडा," ग्लेनिस म्हणाली. प्रुइट पालथे पडले. घोरपड खाली उतरली आणि उरलेल्या सॉसेजकडे गेली.

ग्लेनिसने त्यांच्या पाठीला औषध लावलं. मनातल्या मनात ती मेलबर्नमध्ये भाड्याची खोली शोधत होती.

"मला सापाची चौकशी करायला पाठवलंय," प्रुइट फाटका शर्ट चाचपत म्हणाले. "सापाबद्दल माझी काही तक्रार नाही. इथे नीट वागला तो एकटाच. वाट चालू राहील."

ग्लेनिसच्या हातातला बोळा खाली पडला.

"शेगडी मात्र आजपासून बंद."

"का?" कॉल उसळला. "मी काय केलं?"

ग्लेनिसने कॉलच्या हातातून चिमटा काढून घेतला, तरी तो विचारतच राहिला.