खुशालचा चिखलदरा

आर्वीच्या बाजारात भाजी विकणारा खुशाल गिऱ्हाइकाला वांग्यांसोबत थोडा चिखलदराही द्यायचा. "लहानपणी राह्यलो ना मी तिथं. काय थंडी, बापा!" वडील लाकूडतोडीच्या कामाला पहाडावर गेले, तेव्हा पाच-सहा वर्षांच्या खुशालला सोबत घेऊन गेले होते. खडकात कोरलेल्या गुंफा, पहाटेचा पलटणीचा बिगुल, 'इथं पांडव राह्यले' असं सांगणारे वडील, एवढं त्याला आठवायचं. पुढं वडील लवकरच वारले. लग्न झाल्यापासून शालूबाई नवऱ्याकडून हेच ऐकत आली होती.

नव्याण्णवच्या हिवाळ्यात लेक आचलनं दोघांना चिखलदऱ्याच्या एसटीत बसवून दिलं. परतवाड्यानंतर घाट लागला, तसा खुशाल खिडकीला चिकटला. ओळखीचं मात्र काही येईना.

लॉजचे मालक किसनराव चहा घेऊन आले. खुशालनं लगेच विचारलं, "त्या गुंफा कोनत्या बाजूनं हाय?"

"गुंफा? इथं भीमकुंड हाय भाऊ. कीचकाले मारून भीमानं तिथं हात धुतले, म्हनतात."

"अन् पलटणीचा बिगुल?"

किसनराव हसले. "तुमी पचमढीच्या गोष्टी करून राह्यले. पलटण तिकडं मध्यप्रदेशात हाय. गुंफाही पांडवांच्याच, पन तिकडल्या."

खुशालच्या हातातला चहा निवला. शालूबाई हळूच म्हणाली, "म्हंजे तुमी इथं आलेच नव्हते?"

"आलतो... वाटते मले."

दुपारी किसनरावांनी त्यांना एका जुन्या बंगल्यामागं नेलं. उतारावर सावलीत हिरवी झुडपं होती, फांद्यांना लाल फळं लगडली होती. किसनराव काही सांगायच्या आधीच खुशालनं एक फळ तोडून तोंडात टाकलं आणि बी थुंकली.

"हे बाबानं मले चारलं होतं. वरचं गोड राह्यते, आतली बी खाची नाई."

किसनराव चक्रावले. "कॉफी हाय ही. सायबाच्या काळापासून हाय इथं. पचमढीत तर मी कधी पाह्यली नाई."

"मंग मी कुठं राह्यलो?" खुशालनं विचारलं. "दोन्हीकडं काम केलं असन तुमच्या बाबानं," किसनराव म्हणाले. पण दोनदा घर सोडल्याचं खुशालला आठवत नव्हतं, आणि विचारावं असं कुणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं दरीच्या कडेला उभी राहिली. समोर गाविलगडाचा तट उन्हात आला. शालूबाई बराच वेळ बघत राहिली.

"लय सुंदर हाय," ती म्हणाली. "तुमी सांगतलं तसं नाई, पन सुंदर हाय."

"मी आता लोकायले काय सांगू?"

"मले काऊन इचारता? मी तर कालच आली."

खुशालला हसू आलं, पण ते अर्ध्यावरच थांबलं. खाली ढग सरकत होते. हे कधी पाहिलं होतं की आत्ताच पाहतोय, हे त्याला ठरवता येईना. तो तिच्याजवळ सरकून उभा राहिला.