निळ्या भिंतीचा नर

प्रयोगशाळेतल्या माशांच्या खोलीत टाक्या सांभाळणाऱ्या काकांचा शब्द म्हणजे कायदा. निळ्या भिंतीच्या टाक्यांत एका गुहेतले मासे, पिवळ्या भिंतीच्या टाक्यांत दुसऱ्या गुहेतले, आणि जाळ्याही त्याच रंगांच्या. मासे दोन्हीकडचे फिक्कट गुलाबी, ठार आंधळे. डोळ्यांच्या जागी नुसती कातडी. बावीस वर्षांत आपण या दोघांची गाठ पडू दिली नाही, हे नव्या माणसाचा पहिला चहा संपायच्या आत काका त्याला ऐकवत.

म्हणूनच पिवळ्या भिंतीच्या नवव्या टाकीत गडबड झाली, तेव्हा काकांकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. तसे या माशांच्या सगळ्याच पिल्लांना सुरुवातीला डोळे फुटतात. मग ते खुंटतात आणि कातडीखाली गडप होतात. या टाकीतल्या एकतीसपैकी अकरा पिल्लांचे डोळे मात्र महिना उलटला तरी जागच्या जागी होते. बारीक, पण काळेभोर.

टाकी होती संशोधन करणाऱ्या मुलीची. तीन वर्षं ती इथे खपत होती. प्रमुख मॅडमनी टाकीत एकदा डोकावून निकाल दिला.

"याच जातीचा नदीतला डोळस मासा शिरलाय यात. शेजारच्या खोलीतले ते मासे तूच हाताळत होतीस. आता ही अख्खी भिंत संशयात. शुक्रवारी सगळ्या टाक्या रिकाम्या करा."

काकांना मात्र एक गोष्ट आठवली. दीड महिन्यापूर्वी निळ्या भिंतीचा पंप बंद पडला होता. एक म्हातारा नर तडफडायला लागला, म्हणून त्यांनीच त्याला दोन दिवस नवव्या टाकीत ठेवलं होतं. वहीत नोंद केली नव्हती. इतक्या वर्षांच्या स्वच्छ वहीला डाग कशाला?

घरी बायको म्हणाली, "अळीमिळी गुपचिळी. सात महिने राहिलेत निवृत्तीला. आणि दोन आंधळ्यांच्या पोटी डोळस पिल्लं होतात होय? तुमच्या नराचा काय संबंध?"

बोलणं बिनतोड होतं. जेवण होईपर्यंत काकांना त्याचा आधार वाटला. सकाळी मुलगी रडवेल्या चेहऱ्याने टाक्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या सोलताना दिसली, तेव्हा त्याच आधाराची त्यांना लाज वाटली. ते तडक मॅडमच्या खोलीत गेले. मुलगीही मागोमाग आली.

"नदीचा नव्हता. निळ्या भिंतीचा नर होता. मीच टाकला, वहीत लिहिलं नाही."

मॅडम काही बोलायच्या आत मुलीने विचारलं, "काका, तो आंधळाच होता ना?"

"ठार."

मुलगी बोटं मोजत म्हणाली, "म्हणजे एका गुहेत एक जनुक बिघडलंय आणि दुसरीत दुसरंच. यांचं बिघडलेलं त्यांच्याकडे शाबूत आहे, त्यांचं यांच्याकडे. त्या नराच्या पिल्लांना दोन्हीकडून चांगलं मिळालं, म्हणून डोळा टिकला."

"आधी दिसतं का ते बघू," मॅडम म्हणाल्या.

एक पिल्लू बरणीत सोडून मुलीने बरणीभोवती पट्ट्यांचा कागद फिरवला. पिल्लू पट्ट्यांमागे वळलं. मॅडमनी कागद हातात घेऊन उलटा फिरवला. तेही उलटं वळलं.

टाक्या वाचल्या. काकांना दुपारी ताकीदपत्र मिळालं, दोन गुहांचे मासे एकत्र केल्याबद्दल. संध्याकाळी दुसरा कागद आला: बारा टाक्यांत निळे नर आणि पिवळ्या माद्या एकत्र सोडा, काम काकांनीच करावं. सही दोन्हींवर मॅडमचीच. काकांना हसावं की रडावं कळेना.

निवृत्तीनंतर वर्षभराने मुलीचा शोधनिबंध छापून घरी आला. आत काकांचं पूर्ण नाव होतं. पहिली पैदास त्यांच्या चुकीने झाली आणि ती त्यांनी आपणहून सांगितली, असं तिने लिहिलं होतं.

"बघ," काका बायकोला म्हणाले, "बावीस वर्षं बिनचूक काम केलं, त्याची कुठे ओळ नाही. चुकलो, ते छापून आलं."

बायकोने चष्मा लावून ती ओळ शेवटपर्यंत वाचली. "आणि मी तुम्हाला गप्प बसा म्हणत होते," ती म्हणाली.