सातवीतला खुला तास

आमच्या शाळेत भूमितीचा सिद्धांत पाठ न करणारी एकच मुलगी होती. सातवीतली ऊलकान. पाठ होत नव्हतं असं नाही. बापाच्या एकेका घोड्याचं कूळ ती घडाघडा सांगायची. पण फळ्यावर नियम उतरला की हिचा हात वर. "बाई, असं का?" उत्तर मिळालं तरी हात खाली नाही. "हो, पण तसं का?" मग तास संपायचा, आणि तिमाहीअखेर तिला गणितात पाचपैकी तीन मिळायचे.

मी भूगोल शिकवते. मी एकदा तिला म्हटलं, "अगं, तीन बघून काही वाटत नाही का तुला?"

"काय वाटायचंय बाई? जेवढं कळलं तेवढे तीन. बाकीचं कळलं की बाकीचे घेईन." यात उद्धटपणा नव्हता. दुकानात साखर मागावी तसं म्हणाली.

त्या हिवाळ्यात नारीन शहरातून गणिताचे एक अनुभवी शिक्षक खुला तास बघायला येणार असं कळलं. खुला तास म्हणजे पाहुणे मागच्या बाकांवर, आम्ही सगळे शिक्षक भिंतीला टेकून, आणि पुढे मुलांची परीक्षा कमी, शिकवणाऱ्याची जास्त. सातवीला गणित शिकवणारी जिपार आमच्यात सगळ्यात लहान, नोकरीचं दुसरंच वर्ष. उपमुख्याध्यापिका गुलसून बाईंनी तयारी आपल्या हातात घेतली. कोणता प्रश्न कुणाला, कोण आधी हात वर करणार, कोण चुकल्यासारखं करून सुधारणार, सगळं ठरलं. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज एकशे ऐंशी अंश, ही सिद्धता बायतूरकडे. बायतूर वर्गात पहिला. पुस्तकातलं पान डोळे मिटून म्हणायचा.

"आणि तू," गुलसून बाई ऊलकानला म्हणाल्या, "शेगडीपाशी बसायचंस. तोंड उघडायचं नाही."

"बोलायचं नाही, की विचारायचं नाही?"

"दोन्ही!"

"बरं. हात वर केला तर चालेल?"

अख्खा वर्ग हसला. गुलसून बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की शेगडीतले कोळसेही विझावेत.

पाहुण्यांचं नाव कासिमअली सर. पांढरी मिशी, अंगात जाड कोट, आवाज मात्र अगदी मऊ. ते मागे बसले आणि तास सुरू झाला. सगळं ठरल्याप्रमाणे. बायतूर फळ्याकडे गेला, त्रिकोण काढला, क ख ग नावं दिली, वरच्या टोकातून पायाला समांतर रेघ ओढली आणि सिद्धता अशी म्हटली की मध्ये श्वासही घेतला नाही. जिपारचा चेहरा उजळला.

कासिमअली सर उठले. "छान. मी जरा खोडू का?" त्यांनी फळा पुसला आणि वेगळाच त्रिकोण काढला, एका अंगावर कललेला. कोपऱ्यांना नावं दिली म, ट, न. "आता याची सांग, बाळ."

बायतूरने खडू घेतला. फळ्याकडे पाहिलं. "क ख ग या त्रिकोणात…" म्हणाला आणि थांबला. त्याचे कान लाल झाले.

शेगडीपाशी एक हात वर होता. कधीपासून होता कोण जाणे.

गुलसून बाई खोकल्या. मग पुन्हा, जरा मोठ्याने. जिपारने त्यांच्याकडे पाहिलं, मग बायतूरकडे. तयार केलेली दुसरी चार मुलं होती, त्यांच्यातल्या कुणालाही तिला उठवता आलं असतं. पण ती म्हणाली, "ये, ऊलकान."

ऊलकानने येताना वहीचा एक कागद फाडून आणला. त्याचा वेडावाकडा त्रिकोण कापला आणि तिन्ही कोपरे टराटरा फाडून घेतले. टेबलावर टोकाला टोक लावून शेजारी शेजारी मांडले. तिन्ही मिळून वरची कड सरळ झाली, पट्टी लावावी तशी.

"हे बघा सर. सरळ रेघ. म्हणजे एकशे ऐंशी. कुठलाही त्रिकोण द्या, हेच होतं. घरी पुष्कळ फाडलेत."

"सगळे फाडलेस?" सरांनी विचारलं.

"सगळे कसे फाडीन?"

"मग न फाडलेल्यातला एखादा वेगळा निघाला तर? केसाएवढा फरक कागदावर दिसायचा नाही."

मला वाटलं, आता ही मुलगी खाली बसणार. ऊलकानने ओठ मुडपले. "हे खरंय. फाडून नाही भागणार. थांबा, विचार करते." आणि ती खरंच उभ्या उभ्या विचार करू लागली, पाहुण्यांना ताटकळत ठेवून! मध्येच वळून म्हणाली, "बायतूर, ती वरची रेघ तू का काढतोस रे?"

"पुस्तकात आहे म्हणून."

वर्गात हशा पिकला. बायतूरही हसला, बरं वाटलं मला.

"अरे, मग ही रेघ तीच आहे!" ऊलकानने कोपऱ्यांच्या कडेवर बोट ठेवलं. "बघ ना. वरचा कोपरा आपल्या जागी बसलाय. खालचे दोघं चढून त्याच्या दोन्ही बाजूंना येऊन बसलेत."

बायतूर टेबलावर वाकला. मग एकदम ओरडला, "व्युत्क्रम कोन! रेघा समांतर आहेत ना, म्हणून खालचा आणि वरचा सारखाच! फाडायला कशाला पाहिजे मग?" त्याने खडू उचलला, म ट न च्या टोकातून रेघ ओढली आणि लिहीत सुटला. ऊलकान शेजारी उभी राहून दर ओळीला "का?" विचारत होती, आणि तो दर ओळीला सांगत होता. पाठ केलेलं नव्हतं ते. मध्ये दोनदा अडखळला, एकदा खोडलं.

घंटा झाली. कुणी उठलं नाही.

"किती दिवस तयारी केली याची?" सरांनी जिपारला विचारलं.

जिपार म्हणाली, "बायतूरच्या सिद्धतेची दोन आठवडे, सर. नंतर झालं त्याची काहीच नाही."

"ते दिसलं," सर म्हणाले आणि मिशीत हसले. फळ्यावर त्यांनी एक चौकोन काढला, "याच्या कोनांची बेरीज किती, आणि का?" एवढंच लिहिलं, आणि आम्ही चहाला गेलो.

शिक्षकांच्या खोलीत बोरसोक, म्हणजे तळलेल्या कणकेचे छोटे गोळे, आणि मलई मांडलेली होती. पण सातवीतून असा आरडाओरडा यायला लागला की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. गुलसून बाई तरातरा उठल्या. "बघतेच त्यांना," म्हणाल्या. त्या गेल्या, पण गोंधळ काही थांबेना. चहा गार झाला. शेवटी आल्या तेव्हा त्यांच्या काळ्या बाहीवर खडू लागला होता.

"कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारायची," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या, "दोन त्रिकोण होतात. तीनशे साठ." आणि जरा थांबून, "मी इतकी वर्षं रसायनशास्त्र शिकवतेय, पण मला कुणी कधी हे असं सांगितलं नाही."

त्या तिमाहीत ऊलकानला चार मिळाले. तिने मागितलेही नाहीत आणि आश्चर्यही दाखवलं नाही. बायतूरचे पाच टिकले, पण पाठांतर सुटलं. दोघं मधल्या सुट्टीतही खडू घेऊन भांडायची. वसंतात जिपारने दोघांना नारीनच्या गणित स्पर्धेला नेलं. बायतूर तिसरा आला, ऊलकानचा पहिल्या दहातही नंबर नव्हता.

गाडी गावात थांबली तेव्हा तिचे वडील घोडा घेऊन उभे होते. "काय गं, हरलीस म्हणे?"

"एक गणित सुटलं नाही, बाबा," ती घोड्यावर चढत म्हणाली. "पण येताना खिंडीत सुटलं. चला, घरी गेल्यावर दाखवते."