शहरातला सर्वांत धोकादायक कोपरा

पत्र पाच ओळींचं होतं. अक्षर फळ्यावर लिहावं तसं गोलगोमटं, मजकूर मात्र तिरकस.

"तुमच्या नकाशाप्रमाणे माझ्या दारात पाच वर्षांत तीनशे अठरा घटना घडल्या आहेत. मी पाळणाघर चालवते. दिवसभर दारात असते, रात्री मागच्या खोलीत झोपते. मला एकही घटना दिसली नाही, तुम्हाला कुठून दिसल्या ते कळवावे. तुमचा नकाशा बघून परवाना खात्याने माझा परवाना अडवला आहे आणि महिनाअखेरीला बावीस मुलं घरी पाठवावी लागतील."

पत्र जिच्या टेबलावर आलं तिला विद्यापीठात सगळे 'पणका' म्हणत. कुणी काहीही सांगितलं की तिच्या तोंडून "पण का?" निघायचंच. लग्न ठरवताना तिने नवऱ्यालाही हे विचारलं होतं म्हणे, आणि त्या बिचाऱ्याला अजून उत्तर सापडलेलं नाही. ती संख्याशास्त्र शिकवायची आणि चाळिशीत पीएच.डी. करत होती. विषय होता आणीबाणीचे कॉल. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांना एकाच नंबरवर लोक फोन करतात. ते कुठून करतात आणि गाडी किती वेळात पोचते, हे ती मोजत होती. पाच वर्षांतले एक लाख नव्वद हजार कॉल तिने शहराच्या नकाशावर लाल ठिपक्यांनी मांडले होते. एकाच जागी कॉल साचले की ठिपका फुगायचा, आणि सगळ्यांत फुगलेला ठिपका त्या पाळणाघराच्या कोपऱ्यावर होता. प्रबंधाचं चौथं प्रकरण त्याच्यावरच उभं होतं. वर्तमानपत्राने तो नकाशा छापला, वर 'शहरातला सर्वांत धोकादायक कोपरा' असा मथळा दिला, आणि तिच्या मार्गदर्शक सरांनी तो चौकटीत घालून भिंतीवर लावला.

ती स्वतः त्या कोपऱ्यावर कधी गेली नव्हती. नकाशावर तो इतका ठसठशीत दिसत होता की तिथे जायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. शिकलेल्या माणसांचं असं होतं खरं.

सरांनी पत्र वाचून नाक मुरडलं. बाईंना परवाना हवा आहे, त्या असंच लिहिणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. पणकाने मान डोलावली, पत्र खणात ठेवलं, दुपारपर्यंत तीनदा बाहेर काढून वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बस पकडली.

धोकादायक कोपऱ्यावर एक सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, एक कडुनिंब होता आणि पिवळ्या दाराचं एक बैठं घर. दारात तळहाताएवढ्या चपलांची रांग, दोरीवर वाळत घातलेली दुपटी, आतून दोन-तीन रडण्याचे आवाज आणि त्या सगळ्यांवर चढलेला एक गाण्याचा आवाज. गाणाऱ्या बाई साठीच्या, ठेंगण्या, कमरेला पदर खोचलेल्या. आख्खा मोहल्ला त्यांना मावशी म्हणायचा. पणकाने आपली ओळख सांगितली तेव्हा मावशींनी तिला आपादमस्तक न्याहाळलं, बसायला लहान मुलांची खुर्ची दिली आणि मांडीवर एक पोर ठेवलं. जाब विचारायची त्यांची हीच पद्धत असावी. गुडघे हनुवटीला टेकलेले आणि मांडीवर पोर, अशा अवस्थेत कुणाला शास्त्रीय ताठा राखता येत नाही.

पणकाने विचारलं, पोलीस इथे येतच नाहीत का? तर मावशी म्हणाल्या, येतात की. सगळ्याच गाड्या येतात, दाराशी थांबतात आणि पुढे निघून जातात. आता रस्त्यावर गाड्या थांबतात म्हणून कुणी पाळणाघर बंद करतं का, हा त्यांचा सवाल होता. पणकाने वहीत लिहिलं, 'थांबतात, जातात'. का थांबतात ते तिला कळलं नाही, आणि पोराने मांडीवर कार्यभाग उरकल्यामुळे अधिक विचारायची सवडही मिळाली नाही.

तिथून ती थेट कंट्रोल रूममध्ये गेली. मोठा हॉल, तीस टेबलं, तीस हेडफोन. दहा वर्षं फोन घेणारी एक ऑपरेटर चहा पीत होती. पणकाने तिच्या पडद्यावर त्या कोपऱ्याची नोंद उघडायला लावली. ऑपरेटर ती बघून हसली.

"हे 'मध्य' आहे, मॅडम."

"म्हणजे?"

"पत्ता भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. फोन करणाऱ्याला पत्ता सांगता येत नसला की आम्ही हे बटण दाबतो. वॉर्डाच्या मधोमध ठिपका पडतो आणि गाडी निघते. अडलं की मध्य. आल्यापासून आम्ही हेच शिकलोय."

पणकाला तोंडात मारल्यासारखं झालं. त्या वॉर्डाची हद्द कुणीतरी पट्टीने आखलेली, तिचा मध्यबिंदू कुठल्यातरी यंत्राने काढलेला, आणि तो नेमका मावशींच्या उंबऱ्यावर पडलेला. ज्यांना आपण कुठे आहोत हे सांगता आलं नाही, ती सगळी माणसं तिने त्या म्हातारीच्या दारात नेऊन उभी केली होती. वर त्यांचा आलेख काढून दोन परिषदांमध्ये टाळ्या घेतल्या होत्या. टाळ्या आठवून तिचे कान तापले.

चूक कळली की ती निस्तरायला पणका एक दिवस लावत नसे. तिने तीनशे अठरा कॉल नकाशावरून काढले, चौथं प्रकरण मागे घेतलं, परवाना खात्याला सविस्तर पत्र लिहिलं आणि कंट्रोल रूमच्या प्रमुखांना शिफारस केली की हे बटण बंद करा, त्याने खोट्या नोंदी होतात. सर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. प्रमुखांना मात्र विद्यापीठाच्या शिफारशीचा भलताच आदर. त्यांनी सोमवारपासून त्या वॉर्डात बटण बंद केलंसुद्धा. मावशींचा परवाना सुटला. त्यांनी फोन करून "बाई, तुम्ही प्रामाणिक आहात हो," असं सांगितलं तेव्हा पणकाचा जीव भांड्यात पडला.

कुणीही शहाण्या माणसाने इथे फाइल बंद केली असती. पण पणकाला आता दुसरीच खाज सुटली. बाकीच्या वॉर्डांतही 'मध्य' होतेच. तिथे अशा कॉलवर निघालेल्या गाडीचं काय होत होतं? तिने नोंदी चाळल्या. अपेक्षेप्रमाणेच होतं सगळं: गाडी मधोमध जाऊन उभी राहते, फोन लागत नाही, दर तीन कॉलमागे एकावर शेवटी 'माणूस सापडला नाही' असा शेरा. आणि या वॉर्डात? तीनशे अठरापैकी तीनशे अकरा जण सापडलेले. तेही गाडी 'मध्य'वर पोचल्यापासून सरासरी चार मिनिटांत. पूर्ण पत्ता असलेल्यांनासुद्धा एवढ्या लवकर कुणी शोधलेलं नव्हतं.

हे होणं शक्य नव्हतं. म्हणून ती पुन्हा निघाली, या वेळी रुग्णवाहिकेच्या थांब्यावर. तिथल्या जुन्या ड्रायव्हरला तिने विचारलं की पत्ता नसताना तुम्हाला घर सापडतं कसं. त्याला प्रश्नच कळेना.

"तिथं मावशी असतात ना," तो म्हणाला.

मग हळूहळू सगळं निघालं. पाळणाघराच्या मागे गोदामं आहेत आणि गोदामांच्या मागे चारेकशे खोल्यांची वस्ती. कामासाठी आलेली माणसं, आज इथे तर सहा महिन्यांनी दुसरीकडे. घरांना नंबर नाहीत, गल्ल्यांना नावं नाहीत. 'टाकीजवळ' म्हणावं तर टाक्या सहा. घाबरलेला माणूस फोनवर एवढंच सांगतो की गोदामाच्या मागे या. पण त्या खोल्यांमधली पोरं दिवसभर मावशींकडे असतात. सोडायला आणि न्यायला येणाऱ्या आया दारात दोन मिनिटं टेकतात आणि घरातलं, शेजारपाजारचं सगळं बोलून मोकळ्या होतात. कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या सासऱ्याला दमा आहे, कुणाचा नवरा हात उगारतो, हे मावशींना तोंडपाठ. गाडी दाराशी थांबली की त्या फक्त विचारतात, काय झालंय आणि कोण बोलत होतं. "बाईचा आवाज, लहान बाळ, अंगात ताप," असं ड्रायव्हरने म्हणायचा अवकाश, की उत्तर आलंच: तिसरी गल्ली, निळा पत्रा, दाराला गोणपाट. कधी कधी त्या काखेत पोर घेऊन स्वतःच गाडीपुढे चालू लागतात.

"सोमवारपासून मात्र तिकडचा एकही कॉल नाही आम्हाला," ड्रायव्हर म्हणाला. "वस्ती एकदम धडधाकट झाली की काय कोण जाणे."

पणकाने तिथूनच ऑपरेटरला फोन लावला. सोमवारपासून त्या वॉर्डातले चार कॉल 'पत्ता अपूर्ण' म्हणून अडकलेले होते. फॉर्म पुढे गेला नाही, म्हणून गाडी निघाली नाही. त्यातल्या एका बाळंतिणीला शेजाऱ्यांनी टेम्पोत घालून नेलं होतं. बाकी तिघांचं काय झालं, ते कुणालाच माहीत नव्हतं. तिने प्रमुखांना गाठलं. ते म्हणाले, बटण आत्ता चालू करतो, पण मग नोंदी पुन्हा त्याच दारात पडतील. परवाना खातं आता दर वर्षी थेट आमच्याकडून आकडा मागवणार आहे. आम्ही आकडा देतो, त्याच्याबरोबर गोष्ट देत नाही. तेव्हा एकदा त्या बाईंना विचारा आणि अर्ध्या तासात कळवा.

पाळणाघरात दुपारची झोप चालू होती. बावीस पोरं सतरंजीवर आडवी, आणि मावशी दुपट्यांच्या घड्या घालत बसलेल्या. पणकाने हळू आवाजात सगळं सांगितलं. आकडे सांगितले, चार मिनिटं सांगितली, बटणाचं आणि परवान्याचंही सांगितलं. मावशी ऐकत होत्या, पण त्यांना त्यात विशेष काही वाटलेलं दिसलं नाही. रस्ता विचारला तर माणूस सांगणारच, त्यात काय मोजायचं?

मग म्हणाल्या, "तीनशे अठरातले तीनशे अकरा. आणि उरलेले सात?"

पणकाकडे यादी होती. तिने ती आतापर्यंत नीट पाहिली नव्हती, सात हा आकडा तिला फारच लहान वाटला होता. मावशींनी चष्मा लावला आणि तारखांवरून बोट फिरवलं. सातही तारखा एकाच वर्षातल्या, लागोपाठच्या दोन महिन्यांतल्या.

"तेव्हा मी लेकीकडे होते," त्या म्हणाल्या. "तिच्या बाळंतपणाला. दीड महिना कुलूप होतं इथे."

बोट तिसऱ्या तारखेवर थांबलं.

"हे मागच्या वस्तीतल्या शिवणवालीचे वडील. छातीत दुखत होतं त्यांच्या. मी परत आले तेव्हा ते गेल्याचं कळलं. सगळे म्हणाले, गाडी आलीच नाही वेळेवर."

पणकाला खोटं बोलता येत नसे, आणि या बाईशी तर मुळीच बोलायचं नव्हतं. तिने यादीतल्या वेळांवर बोट ठेवलं. "गाडी अकरा मिनिटांत आली होती, मावशी," ती म्हणाली. "तुमच्या दाराशी पंचवीस मिनिटं उभी होती."

मावशींनी हातातल्या दुपट्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. पणकाला फार वाईट वाटलं. आपण ही यादी का आणली, असं तिला झालं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला एखाद्या गोष्टीचं कारण कळायला नको होतं.

"बटण चालू करायला सांगा," मावशी म्हणाल्या.

"पुढच्या वर्षी परवाना पुन्हा अडवतील ते."

"अडवतील तेव्हा तुम्ही भांडा. तुमचा नकाशा आहे."

पणकाने मान हलवली आणि कोपऱ्यात जाऊन प्रमुखांना फोन केला. बटण चालू झाल्याचं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. ती वळली तेव्हा मावशीही फोनवर होत्या, आणि झोपलेल्या पोरांकडे बघत दबक्या आवाजात बोलत होत्या.

"पुढच्या महिन्याचं सांगायचं होतं तुला. मी येत नाही. तूच ये इकडे, थोरलीलाही घेऊन ये. जागेचं बघू, पोरं काय, बावीसची चोवीस होतील. रागावू नकोस गं, माझं ऐक तर. दुसरं बाळंतपण आहे, मला कळत नाही का? पण मला इथून हलता यायचं नाही आता." पलीकडचं ऐकता ऐकता त्यांनी पणकाकडे पाहिलं.

"कायमचं नाही," त्या लेकीला म्हणाल्या. "विद्यापीठातल्या एक बाई आल्यात. त्या मागच्या घरांना नंबर लावून देईपर्यंत."