निर्मळबाबाची चिमूट

त्या रविवारी सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या सुभद्राबाई पाण्याचा ग्लास धरून उभ्या होत्या. निर्मळबाबाने त्यावरून बोटं फिरवली आणि पाणी गडद जांभळं झालं!

"जोयुं, बेन? ये आपकी बीमारी!" बाबा गरजला. मग त्याने लिंबू पिळलं, चिमूटभर पांढरी विभूती टाकून चमचा फिरवला. पाणी स्वच्छ! "गई! सीधी दरिया में! अब गोली-बोली बंद!"

सगळ्यांत जोरात टाळ्या माझ्या मुलाने, दगाने वाजवल्या. बावीस वर्षं तो मिलच्या रंगखात्यात मास्तर आहे.

"माय, पुढच्या रविवारी तुझा ग्लास. मग तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या कचऱ्यात."

"अरे, डॉक्टर म्हणाले, एकही दिवस चुकवायची नाही!"

"तुले काय समजस, माय?"

मला समजत होतं. लहानपणी अमळनेरजवळच्या आमच्या गावात पटकीची साथ आली, की आरोग्यखात्याचा माणूस विहिरीत असलीच जांभळी पावडर टाकायचा. आम्ही पोरी काठावर पालथ्या पडून रंग बघायचो. त्याच्या पाया कोणी पडलं नाही. उलट पाणी बिघडवलं म्हणून आजी त्याला शिव्या घालायची. आणि विभूतीचा तो काडी ओढल्यासारखा, नाकात झोंबणारा वास? तो तर दगाच्या शर्टाला रोज येतो.

हे मी नातीला, स्नेहाला सांगितलं. ती बारावी सायन्सला.

"आजी! विहिरीतलं ते परमँगनेट आणि पप्पांच्या मिलमधला रंग उडवणारा हायड्रो!" तिने वही ओढली. रेडॉक्सचं समीकरण संतुलित करताना दोनदा चुकली, खोडलं, पुन्हा मांडलं. "बघ, परमँगनेटचा एक कण पाच इलेक्ट्रॉन घेतो. हायड्रोचा एक कण सहा सोडतो. घेतलेले आणि सोडलेले सारखे व्हायला हवेत. म्हणून सहा परमँगनेटला पाच हायड्रो. जांभळं वाढलं, की बाबाची चिमूट पुरणार नाही!"

रविवारी माझा ग्लास जांभळा झाला. बाबा लिंबू घ्यायला वळला, तेवढ्यात मी पदराआडची, स्नेहाने दिलेली परमँगनेटची पुडी ग्लासात रिकामी केली. आधीच गडद पाणी. कोणाला काही कळलं नाही.

लिंबू पडलं. चिमूट पडली. पाणी झालं चिखलासारखं तपकिरी.

"माताजी का रोग बहुत पुराना है," बाबा घाम पुसत म्हणाला.

"रोग नाही, इलेक्ट्रॉन कमी पडले!" स्नेहा उठली. "पप्पा, ती विभूतीची डबी हुंगा."

दगाने हुंगली. "अरे, हा तर हायड्रो! बिघडलेल्या साड्यांचा रंग मी रोज यानेच उडवतो." त्याने डबी ग्लासात पालथी केली, ढवळलं. तपकिरी रंग गेला.

"म्हणजे दगाभाऊ, तुम्हीच बाबा?" सुभद्राबाई त्याच्या पायाशी वाकल्याच.

"उठा हो मावशी! मग काय साड्यांना बीमारी होती?"

हॉल हसत सुटला, तोवर खरा बाबा मागच्या दाराने पसार झाला होता. दगाने घरी येऊन स्वतः मला गोळी दिली.

त्या हॉलमधल्या निम्म्या माणसांचे हात रोज त्याच पावडरीत असतात. मिलमध्ये ते विचारतात, काय टाकलं, किती टाकलं, रंग का उडाला. तेच प्रश्न बाबासमोर विचारायला लाजू नका. ग्लासातला रंग उडाल्याने कोणाचा रक्तदाब उतरत नाही.