मोंगूच्या चौकशीचा खर्च

हाचिपुकासाहेबांनी नमाकाऊला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि चहा घेणार का म्हणून विचारलं. तिथेच ती सावध झाली. राजधानी लुसाकाच्या अर्थखात्यात हिशेब तपासण्यात तिची इतकी वर्षं गेली, पण साहेबांनी कधी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

"तू मोंगूकडचीच ना?"

"आजोळ तिथलं, सर."

"मग बरंच झालं. ती बोट बुडाली, त्याची चौकशी चाललीय तिकडे. आयोग नुसता पैसा पितोय. जा, खर्च तपास. आणि रिकाम्या हाताने येऊ नकोस."

शेवटच्या वाक्याचा अर्थ तिला न सांगता कळला. बोटीचा मालक मंत्र्यांच्या पंगतीत बसणारा माणूस. दुप्पट माणसं कोंबलेली त्याची बोट पुराच्या पाण्यात उलटली, लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे सरकारने आयोग नेमला. आता तो उघडपणे बंद करायची सोय नव्हती. पैशांची उधळपट्टी सापडली, तर मात्र पुढचा हप्ता रोखता आला असता. आयोग आपोआप बंद पडला असता.

काही सापडू नये, असंच मनाशी म्हणत ती मोंगूला पोचली. पण पहिल्याच दिवशी सापडायला लागलं. आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती चिलुफ्या गावातल्या सगळ्यात महागड्या हॉटेलात सहकुटुंब उतरले होते. वकिलांनी सुनावणी नसलेल्या दिवसांचेही भत्ते उचलले होते. आणि साक्षीदारांच्या नावाने ठेवलेले पैसे त्यातच संपले होते. पूरमैदानापलीकडून होडीने आलेले साक्षीदार सभागृहाच्या ओसरीवर चटया टाकून पडले होते. तिथेच चूल, तिथेच मक्याच्या पिठाचा घट्ट नशिमा आणि सुकी मासळी.

त्यांच्यात नासिलेले होती. तिने धक्क्यावर आणून सोडलेल्या तिच्या दोन्ही मुली त्या बोटीत बुडाल्या होत्या. तिने नमाकाऊला निरखून पाहिलं.

"तू मुबियानाची नात ना गं? नाक तिचंच आहे."

"हो, मावशी."

"लोक म्हणतात, लुसाकाहून बाई आलीय चौकशी गुंडाळायला. ती तूच का?"

"मी फक्त हिशेब बघते, मावशी."

"बघून झाल्यावर काय करतेस?"

नमाकाऊने हातातली वही मिटली. नासिलेलेने तिच्यापुढे मासळीचा तुकडा सरकवला. तो खाऊन ती उठली.

लपवावं तर खोटेपणा, आणि ज्यांचे पैसे खाल्ले ती माणसं डोळ्यांसमोर. लिहावं तर साहेबांना हवं ते मिळणार. दोन दिवस ती तेच हिशेब पुन्हा पुन्हा तपासत राहिली. शेवटी ती सकाळीच हॉटेलवर गेली. न्यायमूर्ती हिरवळीवर नाश्ता करत होते. तिने काय सापडलं ते सरळ सांगितलं.

त्यांनी हातातला कप बशीत आदळला. "बाई, तुम्ही मला प्रामाणिकपणा शिकवणार?"

"नाही, सर. पण हे पैसे तुम्ही परत भरलेत आणि मिशनच्या पाहुणेघरात राहायला गेलात, तर मला तेही लिहिता येईल."

"तुम्हाला लिहायचं ते लिहा. आयोग बंद पडेल. मग ओसरीवरच्या त्या बायांना तोंड दाखवा जाऊन."

ते उठून आत गेले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि त्यानेच तिचा जीव जास्त खाल्ला.

लुसाकाला परतल्यावर तिने अहवाल लिहिला. कोणी किती खाल्लं ते सगळं लिहिलं, कोणालाच सोडलं नाही. शेवटच्या पानावर तीन शिफारशी केल्या: हे पैसे ज्यांनी घेतले त्यांच्याकडून वसूल करावेत, सुनावणी थांबवू नये, आणि साक्षीदारांच्या पैशांना इतर कोणी हात लावू नये. नियमाप्रमाणे तपासनिसाने एक प्रत संसदेच्या लेखा समितीला द्यायची असे. आधी साहेबांना दाखवायची, हा नियम नव्हता, नुसती वहिवाट होती. ती स्वतः संसदेत गेली. प्रत देऊन तिने कारकुनाकडून पोच घेतली.

हाचिपुकासाहेब अहवाल वाचताना खुशीत होते. शेवटचं पान आलं तशा त्यांच्या भुवया चढल्या.

"हे पान काढ."

"सर, प्रत गेली."

"कुठे?"

"समितीकडे."

साहेबांनी अहवाल मिटून बाजूला सारला. "नमाकाऊ, तू फार हुशार आहेस," ते म्हणाले. आठवड्याभरात तिची बदली खात्याच्या सामानाच्या वखारीत झाली.

पुढचं तर तिला वाटलं होतं त्याहून वाईट झालं. वर्तमानपत्रांनी हॉटेलच्या जेवणावळी पहिल्या पानावर छापल्या. न्यायमूर्तींनी राजीनामा दिला. सुनावणी थांबली, ओसरीवरची माणसं चटया गुंडाळून परत गेली. मोंगूहून मामाचा फोन आला. "गावात लोक आम्हाला विचारतात, तुमच्या भाचीला बोटीच्या मालकाने किती दिले? काय सांगू?" ती वखारीत खुर्च्या-टेबलं मोजायची, आणि फोन वाजला की दचकायची.

समितीचा निर्णय यायला सगळा उन्हाळा गेला. निर्णय असा झाला की आयोग चालू ठेवायचा, साक्षीदारांचा पैसा वेगळा ठेवायचा, आणि दर तीन महिन्यांनी खर्च समितीपुढे मांडायचा. नव्या अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. हॉटेलच्या पैशांतले काही वसूल झाले, बाकीच्या पैशांबद्दल अजून पत्रव्यवहार चालू होता.

एका दुपारी वखारीतल्या रेडिओवर सुनावणी लागली. नासिलेले साक्ष देत होती. आवाज संथ होता. बोट भरलेली असताना मालकाने धक्क्यावर उभं राहून आणखी माणसं चढवायला लावली, असं तिने त्याचं नाव घेऊन सांगितलं. मालकाच्या वकिलाने तिला अडवलं. ती म्हणाली, "थांबा हो, माझं संपलेलं नाही."

नमाकाऊ हातातलं काम टाकून खाली बसली. मावशीने तिला ओसरीवरच्या त्या भेटीनंतर ना फोन केला होता, ना निरोप धाडला होता. बाजूचा शिपाई म्हणाला, "ऐकलंत का, आयोगाचा पुढचा हप्ता अजून सुटला नाही म्हणतात. हाचिपुकासाहेब सहीच करत नाहीत."

"गप्प बस जरा," ती म्हणाली, आणि तिने आवाज वाढवला.