पुरातल्या निगेटिव्ह आणि मी, जुना मोडेम

मित्रांनो, टेलिफोनच्या तारेतून आधी शिट्टी, मग किर्रर्र, मग पत्र्यावर खडे ओतल्यासारखा खडखडाट, असा आवाज तुमच्या आईवडिलांनी नक्की ऐकला असेल. तो ऐकून घरातली माणसे कानांवर हात ठेवत. तो आवाज माझा. मी एक जुना मोडेम आहे. रंग हस्तिदंती, आकार मध्यम पुस्तकाएवढा, आणि कपाळावर लाल दिव्यांची एक ओळ.

माझे काम सांगायला सोपे आहे. संगणकाला फक्त आकडे कळतात आणि टेलिफोनच्या तारेला फक्त आवाज कळतो. मी आकड्यांचा आवाज करायचो आणि पलीकडून आलेल्या आवाजाचे पुन्हा आकडे करायचो. जगातली सगळी माहिती माझ्या या ओरडण्यातून घरात येत असे.

परदेशातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. १९९९ साली मी कोल्हापुरात आलो. शुक्रवार पेठेत, पंचगंगेपासून जवळच, आकाराम कुरणे यांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांना सगळी पेठ आण्णा म्हणे. स्टुडिओत शिरताच समोर बाबासाहेबांचे मोठे छायाचित्र, त्याखाली लाकडी खुर्ची, आणि मागे निळा पडदा. आण्णांच्या प्रत्येक पाकिटावर एक ओळ छापलेली असायची : ‘आपल्या निगेटिव्ह आमच्याकडे सुरक्षित आहेत.’ फोटो गिऱ्हाईक घेऊन जाई. निगेटिव्ह मात्र आण्णांच्या कपाटात राहत.

मला आणले ते आण्णांची मुलगी निशा हिने. ती महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकत होती आणि उरलेल्या वेळात स्टुडिओत काम करत होती. तिला एक अडचण होती. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचे फोटो दरवर्षी काळे यायचे. पुढची माणसे फ्लॅशने पांढरीफटक आणि मागची सगळी रोषणाई अंधारात गडप. निशाने माझ्यामार्फत दूरदेशीच्या छायाचित्रकारांच्या एका चर्चास्थळावर प्रश्न टाकला. दुसऱ्या दिवशी एका निवृत्त शिक्षिकेचे उत्तर आले. फ्लॅश असू दे, पण शटर सावकाश ठेव, म्हणजे मागच्या दिव्यांना फिल्मवर उमटायला वेळ मिळेल.

आण्णा हसले. “फोटो काढायला आता फोन लावाय लागतोय व्हय? मग जेवायला तार कर.”

पण त्या वर्षीच्या फोटोत दिव्यांच्या माळा आल्या, रथ आला, गच्चीवरची माणसेसुद्धा आली. आण्णांनी फोटो उजेडाकडे धरला, लांबून पाहिला, जवळून पाहिला. मग दुसरीकडे बघत म्हणाले, “त्या बाईला आनि एक विचार की.”

ती माझी सुखाची वर्षे होती. कोणत्या फिल्मला किती प्रकाश, जुन्या फोटोवरचे डाग कसे काढायचे, पिवळ्या बल्बच्या उजेडात चेहरे पिवळे का येतात, हे सगळे मी आणले. मी सावकाश होतो. एखादे चित्र वरून खाली उतरायला इतका वेळ लागे की निशा तेवढ्यात चहा करून येई. पण मी आणलेली गोष्ट तिने कधी वाया घालवली नाही.

मग २००५ साल उजाडले आणि स्टुडिओत ब्रॉडबँडचा नवा डबा आला. तो न ओरडता काम करायचा आणि डोळ्याचे पाते लवण्याआधी चित्र आणायचा. मला एका कापडी पिशवीत घातले गेले. त्याच पिशवीत आण्णांचे डार्करूममधले चिमटे होते. धुतलेल्या निगेटिव्ह दोरीवर वाळत घालायचे ते चिमटे. पिशवी उंच खिळ्याला अडकवली गेली. मला वाटले, संपले आपले आयुष्य. खिळ्यावर लटकून माणसांचे बोलणे ऐकायचे, एवढेच आता उरले.

जुलै संपत आला आणि पंचगंगा पात्राबाहेर आली. पाणी पेठेत शिरले, मग घरांत शिरले. आण्णा आणि निशा यांनी कॅमेरे आणि संगणक उचलले. निगेटिव्हचे कपाट जड होते. वरच्या कप्प्यांपर्यंत पाणी येणार नाही, असे आण्णांना वाटले. निघता निघता ते ओरडले, “निशा, चिमट्यांची पिशवी घे. काही भिजलं तर वाळवाय लागंल.” अशा रीतीने चिमट्यांच्या पुण्याईने मीही वाचलो. नवा डबा भिंतीवरच राहिला आणि बुडाला.

आम्ही राजारामपुरीत आक्कांच्या घरी आलो. आक्का म्हणजे आण्णांची थोरली बहीण, निशाची आत्या. तो भाग उंचावर असल्याने तिथे वीज होती आणि टेलिफोनही चालू होता.

तिथेच विठाबाई भेटायला आल्या. त्या पेठेतल्याच. त्यांच्या घराची भिंत पुरात पडली होती आणि त्या शाळेत राहत होत्या. त्यांचे मालक बँडपथकात क्लॅरिनेट वाजवत. ते वारून बरीच वर्षे झाली होती.

“आकाराम, भांडी गेली, धान्य गेलं, त्याचं काय न्हाय,” विठाबाई म्हणाल्या. “पर भिंतीवरचा फोटो गेला बघ. लाल कोटातला. तेवढाच एक हुता. तुझ्याकडं असंल न्हवं?”

“हाय की, वैनी,” आण्णा म्हणाले. “माझ्याकडं गेलेलं काय जात न्हाय.”

त्यांनी हा शब्द दिला तेव्हा कपाट पाहिलेले नव्हते.

पाणी कमरेपर्यंत उतरल्यावर आण्णा आणि निशा स्टुडिओत गेले. पाणी वरच्या कप्प्यावरूनही गेले होते. त्यांनी सगळ्या निगेटिव्ह प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये भरून आणल्या. पाकिटांचे ओले गठ्ठे झाले होते. त्यांत नुसते विठाबाईंचे मालक नव्हते. पेठेतली लग्ने होती, बारशी होती, मिरवणुका होत्या. घराघरांतले फोटो पुराने नेले होते. त्या माणसांचे चेहरे आता फक्त या गठ्ठ्यांत शिल्लक होते.

त्या दिवशी पावसाने उघडीप दिली. साऱ्या शहराने गाद्या, पुस्तके, कपडे गच्चीवर वाळत टाकले होते. आण्णांनीही क्रेट गच्चीवर नेले, पिशवीतले चिमटे एका डब्यात ओतून घेतले आणि दोरी बांधली. ओले झाले की वाळवायचे, हे त्यांच्या हातांना पाठ होते.

निशाने एक पाकीट उघडून बघितले. आतली निगेटिव्ह ओढताच एका नवरीचा अर्धा चेहरा पाकिटाच्या कागदाला चिकटून आला.

ती धावत खाली आली आणि पिशवीतून मला बाहेर काढले. फुंकर मारून माझ्यावरची धूळ उडवली. संगणकाच्या पाठीमागे माझ्या जुन्या वायरीची जागा अजून शिल्लक होती. तिने मला टेलिफोनच्या तारेला जोडले. माझा पहिला लाल दिवा लागला, आणि मित्रांनो, काय सांगू, मला जन्मल्यासारखे वाटले. मी जीव तोडून ओरडलो. पलीकडून उत्तर आले. जोडणी झाली!

तेवढ्यात स्वयंपाकघरातला दुसरा फोन कोणीतरी उचलला.

“आगं बया! ह्यात काय किंचाळतंय?” आक्कांचा आवाज आला. जोडणी तुटली.

“आत्या, फोन ठेवा की!”

“ठेवा काय? मुरगूडची आपली पावनी मानसं सकाळधरनं लावत असतील. वाहून गेलो म्हनून रडत बसली असतील तिकडं.”

निशाने पुन्हा मला जोडले. पान अर्धे उतरले आणि आक्कांनी पुन्हा फोन उचलला. या वेळी निशा स्वयंपाकघरात गेली. वरून आण्णांच्या पावलांचा आवाज येत होता.

“आत्या, विठाबाईंना आण्णांनी शब्द दिलाय. निगेटिव्ह एकमेकींना चिकटल्यात. त्या कशा सोडवायच्या ते मला इथनं बघायचंय.”

आक्का माझ्याजवळ आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “म्हंजे विठाबाईचा मालक ह्या डबीतनं येनार व्हय?”

“मालक न्हाय, आत्या. त्यांना कसं वाचवायचं ते येणार.”

आक्का स्वयंपाकघरात जाऊन फोनवर पालथा हात ठेवून बसल्या. “आता कोन हात लावतंय बघू. मुरगूडवाले रडू देत जरा. लागलं की वरडू नकोस म्हनावं त्या डबीला.”

ओरडणे मात्र मला चुकवता येत नव्हते. तिसऱ्यांदा जोडणी झाली आणि टिकली. निशाने शोधलेले पान एका दूरच्या वस्तुसंग्रहालयाचे होते. चित्रे तिने बंद ठेवली होती, म्हणून अक्षरे ओळीओळीने उतरत गेली. पहिलीच ओळ वाचून ती उभी राहिली. चिकटलेल्या ओल्या निगेटिव्ह वाळू देऊ नका.

कारण साधे होते. निगेटिव्हवर जिलेटिनचा पातळ थर असतो. चित्र त्याच थरात असते. ओले झाले की जिलेटिन फुगते आणि मऊ होते. तशा दोन निगेटिव्ह एकमेकींवर वाळल्या, की जिलेटिन सरसासारखे धरते आणि मग ती गाठ कोणालाच सोडवता येत नाही. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून त्या सुट्या कराव्यात. लगेच जमणार नसेल तर ओल्याच गोठवाव्यात, म्हणजे हवा तेवढा वेळ मिळतो.

निशा दोन-दोन पायऱ्या चढत गच्चीवर गेली. तिचे आणि आण्णांचे बोलणे मला खालीही ऐकू आले.

“आण्णा, थांबा! वाळवू नका.”

“खुळी का काय? उभा जन्म वाळवतोय मी.”

“तुम्ही सुट्या वाळवत होता. ह्या चिकटल्यात. हे बघा.” तिने तो अर्ध्या चेहऱ्याचा कागद दाखवला असावा. मग चिमटे एकेक करून डब्यात पडल्याचा आवाज आला. आण्णा स्वतः गठ्ठे उतरवत होते.

पण पाणी आणायचे कुठून? शहरात पूर होता आणि नळ कोरडे होते. पाणी उपसण्याची यंत्रेच बुडाली होती. टँकरपुढे घागरींची रांग होती. एवढ्या निगेटिव्ह धुण्याइतके पाणी मिळणे शक्य नव्हते. उरला दुसरा उपाय, गोठवण्याचा.

गल्लीच्या तोंडाशी अमरसिंहांचे आईस्क्रीमचे दुकान होते. आक्का पदर खोचून पुढे आणि आण्णा-निशा क्रेट घेऊन मागे, अशी वरात निघाली. परत आल्यावर आक्कांनी ती हकिकत इतक्या वेळा सांगितली की मला ती पाठ झाली आहे.

“दूधच आलं न्हाय गावाकडनं,” अमरसिंह म्हणाले. “फ्रीजर मोकळाच हाय. काय ठेवायचंय?”

“आमची पेठ,” आण्णा म्हणाले.

अमरसिंहांनी एका गठ्ठ्यात डोकावून पाहिले. “आयला, ही तर नवरा-नवरी हायत. पावणं, ह्यांना कुठला फ्लेवर देऊ?”

“पिस्ता दे,” आक्का म्हणाल्या. “लग्नाचं मानूस हाय.”

निगेटिव्हच्या छोट्या छोट्या पुड्या प्लॅस्टिकमध्ये बांधून फ्रीजरमध्ये ठेवल्या गेल्या. नळाला पाणी आल्यावर निशा रोज थोड्या पुड्या आणायची, थंड पाण्यात सोडायची आणि वाट पाहायची. जिलेटिनने धरलेला हात आपोआप सैल होई. मग दोन बोटांनी, अजिबात न ओढता, ती एकीला दुसरीपासून वेगळी करी. आण्णा ती धुऊन दोरीवर लावीत. आता चिमट्यांची वेळ आली होती! काही निगेटिव्ह गेल्या. बहुतेक वाचल्या.

एके सकाळी आण्णांनी एक निगेटिव्ह खिडकीपाशी धरली. निगेटिव्हमध्ये रंग उलटे दिसतात. कोट निळसर-हिरवा होता. पण उभ्या जन्माचा सराव असलेल्या डोळ्यांना त्यात लाल दिसला. ओठांशी क्लॅरिनेट होते.

“निशा,” ते म्हणाले, “विठावैनींना बोलाव.”

दिवाळीनंतर पेठेतल्या बुद्धविहारात दोऱ्या बांधल्या गेल्या. त्यांवर त्याच चिमट्यांनी फोटो लावले होते. ज्याचा असेल त्याने काढून न्यावा, असे आण्णांनी सगळीकडे सांगितले होते. आक्कांच्या हट्टामुळे मीही तिथे एका टेबलावर होतो. “त्या किंचाळनाऱ्या डबीलाबी आना की,” असे त्यांनी बजावले होते.

माणसे आली ती मित्रांनो, लोटच्या लोट आली. “हा बघ तुझा बा!” “आगं, ही मीच हाय की! किती वाळकी हुते!” “ए, तो माझा हाय, सोड!” कोणी हसत होते, कोणी डोळे पुसत होते. विठाबाईंनी आपला फोटो लगेच दोरीवरून काढला नाही. त्या नुसत्या समोर उभ्या राहिल्या. मग जुन्या बँडपथकातल्या एकाने न सांगता क्लॅरिनेट ओठांना लावले, आणि विहारात लग्नातली ती जुनी धून घुमली. तेव्हा त्यांनी हात वर केला आणि चिमटा सोडला.

संध्याकाळी दोऱ्यांवर एकही फोटो उरला नव्हता. रिकामे चिमटे वाऱ्याने एकमेकांवर वाजत होते. माझ्या आयुष्यात इतका गोड आवाज मी दुसरा ऐकला नाही.

आता मी स्टुडिओच्या फळीवर असतो. माझी तार आता कोणी जोडत नाही. निशा सगळ्या फोटोंच्या प्रती करून दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवते. माझे सगळे काम तिच्या हातातला मोबाइल करतो. हवामान, सूर्य उगवण्याची वेळ, फोटोंचे धडे, सगळे त्याच्या पोटात मावते. मला त्याचा हेवा वाटत नाही. तो माझाच नातू आहे.

गेल्या वर्षी, २००८ साली, बिहारमध्ये मोठा पूर आला. त्या जुन्या चर्चास्थळावर तिकडच्या एका छायाचित्रकाराचा प्रश्न आला. निगेटिव्ह भिजून चिकटल्या आहेत, काय करू? निशाने माझ्यासमोर उभे राहूनच मोबाइलवरून उत्तर लिहिले आणि आण्णांना मोठ्याने वाचून दाखवले : “वाळवू नका. स्वच्छ थंड पाण्यात ठेवा. पाणी नसेल तर गोठवा.”

“आनि आईस्क्रीमवाल्याला विचार म्हनावं,” आण्णा म्हणाले.

तिने तेही लिहिले.

म्हणून मित्रांनो, घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी ती एकदा हातात घेऊन बघा. आणि कोणी तुमच्या अडचणीला उत्तर दिले, तर ते स्वतःपाशी ठेवू नका. ते पुढच्याला द्या. मी जन्मभर तेच केले. जरा ओरडून केले, एवढेच.